जात्याची तळी, द्राक्षाचं खोड आणि रद्दीचा बगळा: दगड, लाकूड, कागद एकत्र करून शिल्प कसं करायचं

शिल्प करायचंय म्हटलं की बहुतेक जण आधी गणपती, बुद्ध, घोडा असं काहीतरी डोक्यात पक्कं करतात आणि मग त्यासाठी सामान शोधत फिरतात, त्यातच निम्मा उत्साह संपतो. मी म्हणेन उलटं करा. आधी आपल्या आजूबाजूला काय पडलंय ते बघा. नाशिककरांना तर याबाबतीत काहीच कमी नाही, पायाखाली सगळा काळा कातळ, निफाड-दिंडोरीकडे गेलं की बांधावर उपटून टाकलेल्या द्राक्षबागांची खोडं, आणि घरात रद्दी. दगड, लाकूड, कागद, झालं की सामान. आता या तिघांना एकत्र उभं करायचं, आणि खरी मेख तिथेच आहे, कारण दगड जागचा हलत नाही, लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, कागदाचा लगदा वाळताना आकसतो आणि नंतर हवेत ओल आली की ती परत ओढून घेतो. तिघांना नुसतं फेविकॉल लावून चिकटवलं तर वर्षाच्या आत कुठेतरी भेग पडणार म्हणजे पडणार. म्हणून खाली कोरण्याबद्दल जेवढं लिहिलंय तेवढंच जोडण्याबद्दल पण आहे, ते वाचायचा कंटाळा करू नका.

नमुन्याला आपण बगळा घेऊ. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य नाशिकहून तास-सव्वा तासावर आहे, गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळ, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. हिवाळ्यात तिथे सगळे फ्लेमिंगो शोधत असतात, राखी बगळ्याकडे कोणी फारसं बघत नाही, आणि तो कितीतरी वेळ एका जागी उभा असतो, मॉडेल म्हणून यापेक्षा चांगलं कोण मिळणार, न सांगता पोज देतो. एकदा जाऊन बघाच, बाजूने, समोरून, जमलं तर मागून पण मोबाईलवर फोटो काढा. तीन गोष्टी नीट बघून या. एक म्हणजे मान, ती नुसती गोलाईने वाकत नाही, तिला मधेच एक खटका असतो कारण तिथला एक मणका बाकीच्यांपेक्षा लांब असतो, मासा टिपताना त्याच जोरावर मान पुढे फेकली जाते. हा खटका आला नाही तर बगळ्याचं बदक होतं. दुसरं, पायाला मधे मागे वळलेला जो गुडघा वाटतो तो गुडघा नाही, ती टाच आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. तिसरं, डोळा पिवळा आणि डोळ्यावरून मागे जाणारा काळा पट्टा, तोच पुढे शेंडीच्या पिसांत जातो. खरा पक्षी साधारण तीन फूट उंच उभा राहतो, आपण दोन फुटांचा करू.

दगडापासून सुरुवात करू कारण तो सगळ्यात खाली जाणार. विकत घ्यायच्या आधी घरात, गावाकडे, शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणात जुनं जातं सापडतं का बघा. घरघंटी आल्यापासून जाती तुळशीजवळ नाहीतर गोठ्यात पडून असतात. जात्याच्या खालच्या तळीला मधोमध खुंट्याचं भोक तयारच असतं, म्हणजे बेसाल्टमध्ये, आपल्या काळ्या दगडात, ड्रिल मारायचं जे सगळ्यात कटकटीचं काम तेच वाचलं. शिवाय वजन. एक घनफूट बेसाल्ट साधारण ८० किलो भरतो, त्या हिशेबाने १५ इंच व्यासाची आणि अडीच इंच जाडीची तळी २० किलोच्या आसपास जाते, आणि वर दोन फुटांचा बगळा उभा करायला एवढं वजन भरपूर झालं. पण आधी घरातल्या मोठ्यांना विचारा हं. लग्नात जात्याची पूजा होते, घाणा भरतात, ओव्या म्हटलेल्या असतात त्यावर, आजीच्या डोळ्यादेखत त्यावर ड्रिल मशीन टेकवलंत तर पुढचं शिल्प तुमचंच होईल.

जातं नाही मिळालं तर फुटका पाटा चालतो, किंवा रस्त्याच्या कडेला पाटे-खलबत्ते घडवून विकणारे बसतात त्यांच्याकडे घडवताना वाया गेलेला सपाट तुकडा मागा, हसत देतात. घाटावरचा, किल्ल्यावरचा, कुठल्या पडक्या देवळाचा दगड मात्र उचलायचा नाही, सुटा पडलेला दिसला तरी नाही.

दगड चांगला आहे का ते बघायच्या दोन सोप्या युक्त्या आहेत. हातोडीने हलका ठोका मारा, खणखणीत आवाज आला तर दगड अखंड, बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर आहे. दुसरी युक्ती, दगड पाण्याने पूर्ण भिजवा आणि वाळताना बघत बसा, सगळा दगड कोरडा झाला तरी चिरेची रेघ ओली काळी दिसत राहते. आपल्याकडच्या काही दगडांत पांढरे ठिपके, गाठी असतात, ती झिओलाइट गटातली खनिजं असतात, लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत नंतर भरलेली. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये यांचे मोठमोठे स्फटिक ठेवलेत, ते बघायला सुंदर, पण कोरायच्या दगडात नकोत कारण टाकी तिथे आली की गाठ निसटते आणि खड्डा पडतो.

आता कोरणं. इथे आधीच स्पष्ट सांगतो, पहिल्याच शिल्पात काळ्या दगडातून आख्खी आकृती काढायच्या भानगडीत पडू नका. आपला दगड मोहच्या कठीणपणाच्या १ ते १० या मापात ६ च्या आसपास येतो, संगमरवर ३ ला आणि संगजिरा तर नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. हे कडक काम कसं केलंय ते बघायचं असेल तर पांडवलेणीवर जा आणि ३ नंबरच्या लेण्यासमोर थोडा वेळ उभे राहा. ओसरीच्या खाली सहा धिप्पाड आकृत्या आहेत, सगळ्या लेण्याचा भार खांद्यावर घेतल्यासारख्या कोरलेल्या, आणि त्या पूर्ण सुट्या नाहीत, अर्ध्या कातळातच आहेत. लोक म्हणतात जुनं आहे म्हणून झिजलंय वगैरे, पण मुद्दा तो नाही, मुद्दा असा की दगडाला दाब सहन होतो, ताण आणि वाक सहन होत नाही. दगडातला बारीक लांब हात स्वतःच्याच वजनाने नाहीतर एका धक्क्याने जातो. म्हणून दगडात भरीव, जाड, अंगाला चिकटलेले आकार, आणि बारीक लांब काय असेल ते धातूत नाहीतर लाकडात. बगळ्याचा पाय दगडात करायचा नाही हे तिथेच ठरलं.

तर आपल्या तळीवर आपण फक्त पाणी कोरायचं, बगळ्याच्या पायाभोवती उठणाऱ्या दोन-तीन गोल लाटा. जात्याच्या तळीवर टाकीचे जुने बारीक खड्डे असतील तर ते घासून काढू नका, पावसाचे थेंब पडलेलं पाणी दिसतं ते फुकटात. खडूने लाटा काढून घ्या. हत्यारं दोनच, टोकदार टाकी आणि पाऊण-एक किलोची हातोडी. टाकी दगडाशी साधारण ४५ अंशात धरायची, फार उभी धरली तर दगड कापला जात नाही नुसता ठेचला जातो आणि पांढरा डाग पडतो जो नंतर कितीही घासलं तरी सहज जात नाही. कडेजवळ काम करताना नेहमी कडेकडून आतल्या बाजूला मारत या, आतून कडेकडे मारलं की कडेची कपची उडते. टाकी बोथट होतेच, लोहाराकडे नेऊन टोक काढून पाणी देऊन घ्या, किंवा आता कार्बाइड टोकाच्या टाक्या मिळतात त्या जास्त टिकतात.

आधी हात बसवायला सिपोरेक्सचा ब्लॉक घ्या, बांधकामावर तुटके पडलेले असतात. करवतीने कापला जातो, चमच्याने पण खरवडता येतो, त्यावर लाटा दोनदा कोरून बघा मग दगडाला हात लावा. आणि मास्क. सिपोरेक्स असो, दगड असो, उडणारी धूळ डोळ्याला दिसते त्यापेक्षा न दिसणारी जास्त वाईट, सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. एन-९५ मास्क, डोळ्याला गॉगल, आणि दगडावर मधेमधे पाणी शिंपडत राहा. रुमाल बांधून काही होत नाही. ग्राइंडरने पटापट होतं हे खरं आहे पण फ्लॅटच्या बाल्कनीत ग्राइंडर लावून सगळ्या बिल्डिंगला ती धूळ खायला घालायची म्हणजे सोसायटीची मीटिंग तुमच्यावरच भरणार. दोन-तीन लाटांसाठी हातच बरा.

लाकडासाठी द्राक्षाचं खोड. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते तेव्हा काड्या निघतात त्या बारीक, आपल्याला त्या नकोत, आपल्याला जुनी बाग काढून टाकताना उपटलेलं खोड हवं. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी पट्ट्यात ओळखीचा शेतकरी गाठा, नाहीतरी ती खोडं जळणात जातात. जमिनीच्या थोडं वर जिथे कलम केलेलं असतं तिथे एक फुगीर गाठ असते, खालचं खुंट डॉगरिज नावाच्या जातीचं आणि वर खायच्या द्राक्षाची जात, ती गाठ असलेला तुकडा मुद्दाम मागून घ्या, सगळ्यात सुंदर वळण तिथेच असतं. एक फूट उंच, तीन-चार इंच जाड असा तुकडा पुरे. साल पट्ट्यापट्ट्यांनी निघते, हाताने ओढा आणि राहिलेली तारेच्या ब्रशने काढा, पण इथेही मास्क घाला कारण त्या सालीवर वर्षानुवर्षांच्या फवारण्या बसलेल्या असतात. आणि काढलेली साल चुलीत घालू नका.

ओलं खोड लगेच वापरायचं नाही. दोन्ही तोंडांना फेविकॉल नाहीतर जुना ऑइलपेंट फासा, कारण लाकूड बाजूपेक्षा तोंडाकडून कितीतरी वेगाने वाळतं आणि म्हणूनच तोंडाला तडे जातात. मग सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी, जमिनीपासून वर दोन विटांवर ठेवा. मे मधल्या उन्हात गच्चीवर टाकलंत तर फाटणार. वाळलं की नाही हे बघायला किचनचा वजनकाटा काढा, महिन्याला एकदा वजन करून खोडावरच पेन्सिलने लिहा, सलग दोन महिने वजन कमी झालं नाही की वाळलं समजा. उन्हाळ्यात आणलेलं खोड कोरडी हवा लागल्यावर दिवाळीनंतर कामाला येतं, आणि ते बरंच आहे कारण कागदाचं काम पण दिवाळी ते होळी याच काळात करावं, पावसाळ्यात लगदा वाळतच नाही नुसता वास मारतो.

कीड ही दुसरी डोकेदुखी. लाकडातून पिठासारखी भुकटी पडताना दिसली की आत किडा आहे. एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ते ब्रशने दोन-तीन वेळा चांगलं मुरेपर्यंत लावा, वाळवीलाही तेच चालतं. मग खोडाला फार कोरायला जाऊ नका, त्याचा आकार त्याने १०-१५ वर्षं द्राक्षं लटकवून कमावलाय, आपण फक्त खालचं तोंड करवतीने सपाट करायचं, कुजका भाग गोलचीने, म्हणजे गोल धारेच्या पटाशीने, खरवडायचा, आणि वर पक्ष्याचा पंजा बसेल एवढी जागा पटाशीने सारखी करायची. नंतर अळशीच्या तेलाचे दोन हात. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अळशीचं तेल वाळताना गरम होतं आणि अशा बोळ्यांनी आपोआप पेट घेतल्याची उदाहरणं आहेत, चिंधी पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून टाकून द्या.

खरं कोरकाम चोचीत आहे. त्यासाठी सुतारांकडून शिवणीचा तुकडा मिळाला तर उत्तम, हलकं लाकूड आणि चाकूला गोड. साग पण चालतो पण सागात सिलिका असते त्यामुळे धार लवकर जाते. चार इंच चोच आणि मागे दोन इंच डोक्यात खुपसायला, म्हणजे सहा इंचाचा तुकडा, आणि लाकडाच्या रेषा चोचीच्या लांबीतच जायला हव्यात. आडव्या रेषांची चोच बिस्किटासारखी मोडते. चाकू नेहमी जाड बाजूकडून टोकाकडे चालवा, उलटा चालवलात तर रेषा उचकटून चिपाड निघतं. शेवटी १२०, २२०, ४०० नंबरचा पॉलिश पेपर या क्रमाने मारून घ्या.

आता पाय आणि सांगाडा. सहा मिलिमीटरची लोखंडी सळई घ्या, सातपूर-अंबडच्या भंगारात तुकडे ढिगाने मिळतात. बगळा एका पायावर उभा करू, दिसायलाही छान आणि काम निम्मं. खालचे चार इंच खोडात जाणार, मधे टाचेचा बाक, आणि वरचं टोक पोटात गेल्यावर काटकोनात वाकवून तीन-चार इंच पोटाच्या लांबीत न्यायचं. हा काटकोन विसरू नका, नाहीतर पक्षी सळईवर गोल फिरत बसतो. मानेसाठी बागेच्या मांडवाची जुनी जीआय तार डबल करून वापरा, खटका तारेतच घालायचा, नंतर लगद्याने येत नाही. पोटाला द्राक्षाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या बरगड्या कापून घ्या, मधे चुरगळलेला पेपर भरा, सुतळीने आवळा. हे सगळं करताना सळई खऱ्या खोडात घालू नका, एका लाकडी ठोकळ्यात भोक पाडून त्यात उभी करा, नाहीतर खोडावर लगद्याचे डाग पडतात.

याच टप्प्यावर तोल बघायचा. गोदेला पूर आला की सगळं नाशिक एकमेकांना विचारतं, पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? तो आकार पुरात उभा राहतो कारण रुंद आहे, भरीव आहे, खाली भक्कम आहे. आपला बगळा बरोबर त्याच्या विरुद्ध, सगळा पसारा वर आणि खाली एक काडी. म्हणून पोटाच्या मध्याखालून ओळंबा सोडा, तो पायाच्या तळाशी आला पाहिजे. पुढे आला तर मान मागे घ्या किंवा शेपटीकडे थोडं वजन द्या. सांगाडा कलत असेल तर वर लगदा चढवून तो सरळ होईल अशी आशा ठेवू नका, उलट आणखी कलेल.

कागद. मला विचाराल तर तिघांतला सगळ्यात कमी लेखलेला हाच. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर बोहाड्याच्या उत्सवात देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे घालून नाचतात, आधी लाकडाचे असायचे, कागदाच्या लगद्याचे पण करतात, रात्रभर घालून नाचायचं तर हलकं लागतंच ना. आपल्या घरांत पण बायका रद्दीच्या लगद्यात मेथ्या वाटून घालायच्या आणि टोपल्या करायच्या, मेथीने चिकटपणा येतो आणि तिच्या कडवटपणाने कीड जरा लांब राहते.

आधी पट्ट्या, मग लगदा, हा क्रम. पेपरच्या पट्ट्या कात्रीने न कापता हाताने फाडा, फाडलेली कड पातळ असते ती एकात एक मुरते, कापलेली कड रंगाखालूनही दिसते. खळ मैद्याची किंवा चिंचोक्याची, चिंचोक्याची जास्त घट्ट धरते पण चिंचोके भाजून सोलून दळायला वेळ असेल तरच. खळीत चमचाभर बोरिक पावडर टाकाच, कसर आणि झुरळं खळ खायलाच येतात. बागायतदारांकडे बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी मोरचूद असतं आणि काही जण लगद्यात तेच टाकतात, बुरशीला चालतं हे खरं, पण हाताने कालवायच्या आणि पोरांच्या हाताला लागणाऱ्या वस्तूत मी ते टाळतो. पट्ट्यांचे चार थर द्या, एक थर पेपरचा एक खाकी कागदाचा असं आलटून पालटून, म्हणजे कुठे राहिलंय ते लगेच दिसतं. दोन थर झाले की वाळू द्या मग पुढचे दोन.

लगद्याचं माप: पाव किलो रद्दी, म्हणजे पेपरचे मोठे उघडे कागद साधारण चौदा-पंधरा. नखाएवढे तुकडे करून रात्रभर भिजत घाला, सकाळी अर्धा तास उकळा, मग भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढा. घरातल्या चालू मिक्सरमध्ये करू नका, जुना भंगारातला भांड्यासकट मिळतो तो घ्या, घरातली शांतता महत्त्वाची. मग फडक्यात बांधून पिळा, पण ठणठणीत नको, मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब यावेत इतपत. त्यात १०० ग्रॅम फेविकॉल, रात्रभर भिजवून वाटलेली दोन चमचे मेथी, आणि दोन-तीन मुठी खडूची पावडर, पिठासारखं मळा. लग्नपत्रिका आणि गुळगुळीत मासिकं वापरू नका, त्यांच्यावर लेप असतो, लगदा गुठळ्यागुठळ्यांचा होतो. अंड्यांचे ट्रे मात्र बेस्ट, ते मुळात लगद्याचेच असतात, पाण्यात पटकन सुटतात.

आणि इथे रंगाची गंमत आहे. पेपरच्या शाईमुळे रद्दीचा लगदा राखी होतो आणि लोक तो पांढरा करायला काय काय घालतात. अहो आपल्याला राखी बगळाच करायचाय! पाठ आणि पंख पेपरच्या लगद्याचे, मान आणि डोकं वहीच्या कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या लगद्याचं, दोन वेगळ्या पातेल्यांत दोन लगदे करा आणि जिथे भेटतात तिथे बोटाने एकमेकांत मिसळा. वरून ॲक्रिलिकने अख्खा रंगवलेला बगळा दुकानातल्या फायबरच्या पक्ष्यासारखा दिसतो, कागद आहे हे कळतच नाही, मग कागदाचा केला कशाला?

लगदा एका वेळी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड लावू नका. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो, मग आकसताना भेगा जातात किंवा आत बुरशी धरते. कडक उन्हात ठेवायचं नाही, पंख्याखाली सावलीत, आणि रोज बाजू बदलायची. वाळला की नाही ते गालाला लावून बघा, थोडा जरी गार लागला तरी आत ओल आहे. पूर्ण वाळल्यावर नखाने टिचकी मारली की पोकळ टकटक वाजतं. भेगा आल्याच तर घाबरू नका, भेगेत आधी पातळ फेविकॉल सोडा मग मऊ लगदा भरा, कोरड्या भेगेत नुसता लगदा भरला तर तो वाळून निघून येतो.

पंखांची पिसं ओल्या लगद्यात जुन्या कंगव्याने ओढा, फार बारीक करायला जाऊ नका, दोन फुटांवरून बघतात लोक. शेंडीची दोन लांब पिसं खराट्याच्या हिरांची, पातळ कागद गुंडाळून. डोक्यात चोचीसाठी भोक लगदा ओला असतानाच पाडून ठेवा, आणि ते थोडं मोठं ठेवा कारण लगदा आकसणार. डोळ्यांना रंग नको, पितळी चुका मिळतात गोल डोक्याच्या, त्या ठोका. तांब्या-पितळेच्या गावात राहून बगळ्याला प्लास्टिकचा डोळा लावायचा म्हणजे कमालच. मग काळ्या रंगाने डोळ्यावरचा पट्टा, शेंडी आणि मानेवरचे तुटक फराटे, चोचीला तेल, आणि कागदावर मॅट वार्निशचे दोन पातळ हात. झालं रंगकाम.

आता जोडणी, जिथून आपण सुरू केलं. दगडात लोखंडी गज पक्का, लाकूड त्यावर मोकळं, आणि कागदाचा पक्षी खोडात पाचरेवर. म्हणजे कसं, तळीच्या भोकात १२ मिलिमीटरचा गज उभा करा, भोक मोठं असेल तर अराल्डाइटमध्ये दगडाची भुकटी कालवून भरा, गुण्याला लावून गज सरळ आहे ना बघा आणि चोवीस तास हात लावू नका. दगडावर टाकी मारताना निघालेली भुकटी या कामासाठी चाळून ठेवायची, रंग अगदी जुळतो. खोडाला खालून भोक १४ मिलिमीटरचं पाडा, गज १२ चा, मधली जागा मुद्दाम मोकळी, तिथे डिंक-गोंद-एम-सील काही नाही. उन्हाळ्यात खोड आकसलं तरी त्याला जागा राहते, घट्ट बसवलंत तर एक दिवस खोड गजावरून उभं चिरेल. खोड आणि दगडाच्या मधे टायरच्या जुन्या ट्यूबची चकती कापून ठेवा, फरशी पुसताना दगडावर येणारी ओल लाकडात चढत नाही आणि खोड डगमगत पण नाही.

वर खोडात पायाच्या सळईसाठी भोक पाडताना ड्रिल तिरकं जायला नको, दुसऱ्या कुणालातरी समोरून बघायला लावा. सळई घाला, फिरत असेल तर बाजूने बांबूची छोटी पाचर हलक्या हाताने ठोका, चिकटवू नका. सळई जिथे पोटातून बाहेर येते तिथे मात्र अराल्डाइट भरपूर, कारण कागद आणि लोखंड यांच्यात सगळा झटका तिथेच बसतो, आणि त्यावर लगद्याची मांडी चढवून झाकून टाका. पंजा तारेचा करून त्यावर कागद गुंडाळा आणि खोडावर नुसता टेकवा.

ठेवायचा कुठे? घरात. बाहेर नको, बाल्कनीतही नको, वार्निश कितीही चांगलं असलं तरी नाशिकचा जुलै-ऑगस्ट कागद सहन करणार नाही. बाथरूमची भिंत आणि खिडकीचं थेट ऊन सोडून कुठेही. दिवाळीच्या साफसफाईत कोरड्या ब्रशने धूळ झटका, खोडाला तेलाचा एक पातळ हात द्या, खाली लाकडाची भुकटी पडलीय का बघा. मांडीजवळ बारीक भेग दिसली तर वर सांगितलंय तसं पातळ फेविकॉल आणि मऊ लगदा, त्यासाठी वाळलेल्या लगद्याचा एक गोळा डब्यात ठेवून द्या, पाणी घातलं की थोडाफार परत मऊ होतो आणि रंग तोच राहतो. आणि कुठे प्रदर्शनाला न्यायचा असेल तर तिन्ही भाग सुटे करा, त्यासाठीच ते एकमेकांना चिकटवले नाहीत, तळी रिक्षात पायाशी, खोड गोणपाटात, आणि बगळा हातातच धरायचा, सीटवर ठेवलात तर पहिल्याच स्पीड ब्रेकरला मानेचा खटका भलतीकडे जातो.